विहिरीजवळची अकरा झाडं

मळा, ता. अमळनेर
१७ नोव्हेंबर १९९१

चि. सौ. कुंदास,

मी स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू पुढीलप्रमाणे. जुन्या धोतराच्या मलमलीच्या पिशव्या, चार बोटं लांब, तीन बोटं रुंद, तोंडाशी नाडी, नग एकशे चाळीस. छत्रीच्या काडीचे चिमटे, दोन. फुटक्या चष्म्याचं भिंग टॉर्चच्या नळीत बसवून केलेली दुर्बीण, एक. ती दूरचं दाखवत नाही, जवळचं मोठं करते. पण बांधाशेजारचा रुपचंद तिला दुर्बीणच म्हणतो. भरीत ठेचायची बडगी, कडुलिंबाच्या एकसंध खोडाची, कुठेही सांधा नाही. दोडक्यांसाठी बांबूचा मांडव, बावीस फूट बाय दहा, खिळा न मारता नुसत्या सुंभानं बांधलेला. तो तू पाहिला आहेस. बी वाळवायच्या चाळण्या, तीन. आणि एक भुंगा. बिघडलेल्या टेपरेकॉर्डरची मोटर, दोन सेल आणि पुढे वाकवलेली तार. बटण दाबलं की तार थरथरते. ती वांग्याच्या फुलाच्या देठाला लावली की पिवळी धूळ झडते. ती धूळ म्हणजे पराग.

ही यादी कशासाठी ते सांगतो. परवा रुपचंद केळीच्या ट्रकबरोबर चोपड्याकडे आला होता, तेव्हा तुझ्या दारी पाणी प्यायला थांबला. तू त्याला माझ्याविषयी एकच विचारलंस म्हणे, "भाऊ आजून हातवर काही बनाडस का, का थकना आते?" नऊ वर्षांत तू माझ्याविषयी काही विचारल्याचं पहिल्यांदा कानावर आलं. म्हणून उत्तर पूर्ण दिलं. थकलो नाही.

हे पत्र माफीचं नाही, माहितीचं आहे. ब्याऐंशीच्या डिसेंबरात आपल्या मळ्यातली भरताची वांगी बिघडली. मायच्या वेळेपासूनचं आपलं हिरवं, पांढऱ्या रेघांचं, दीड-दीड किलोचं वांगं, त्यात दोनशेपैकी एकतीस झाडांना फिक्या जांभळ्या पट्ट्यांची फळं आली. त्या वर्षी आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, बियांचा तुंबा तू उघडला होतास. तुझ्यासोबत सासरहून आणलेल्या जांभळ्या वांग्याच्या बियांची पुरचुंडीही होती. मी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि चार माणसांत बोललो. आता अभ्यासानं सांगतो, त्यात तुझा हात नव्हता.

वांग्याचं फूल खाली मान घालून असतं. मधोमध पिवळे परागकोश केळीच्या घडासारखे जुळलेले, पाच किंवा सहा. इतर फुलांचे परागकोश उभे फाटतात, वांग्याचे फाटत नाहीत. सकाळी नऊच्या सुमारास त्यांच्या टोकाला सुईच्या अग्राएवढी दोन-दोन भोकं पडतात. मिठाच्या डबीसारखं समज. हलवल्याशिवाय पडत नाही. मधमाशीला ते नीट जमत नाही. काळा भुंगा येतो, फुलाला मिठी मारतो आणि पंख न हलवता अंगच्या अंगात घुमतो. धूळ त्याच्या पोटावर पडते. तीच घेऊन तो दुसऱ्या फुलावर जातो. दुसरं फूल कोणाच्या वावरातलं, हे तो पाहत नाही.

रुपचंदच्या वावरात एक्क्याऐंशी साली जांभळी वांगी होती. भुंग्यानं तिथला पराग आपल्या फुलांवर आणला. एवढंच. मी सातवी शिकलेला माणूस, हे पुस्तकातून आणि फुलांवर पिशव्या बांधून शोधून काढलं. नंतर सात वर्षं निवडून, उपटून, फेकून मूळ वाण पुन्हा शुद्ध केलं. यंदाच्या प्लॉटात दोनशे झाडांत एकही पट्टा नाही.

आमचे जावई जीवराम पाहुण्यांना नमस्कार. तुझी वहिनी मंदा बरी आहे, गुडघे दुखतात.

तुझा भाऊ
तोताराम


५ जानेवारी १९९२

चि. सौ. कुंदास,

उत्तर आलं नाही. पत्ता बरोबर होता, पोस्टमास्तरला दोनदा विचारलं.

काल धुळ्याहून आलो. कृषी प्रदर्शनात भरताच्या वांग्याला पहिला नंबर मिळाला. वजन एक किलो आठशे साठ. टेबलावर ठेवलं तेव्हा लोक म्हणाले, हा भोपळा आहे. परीक्षकांनी देठाजवळ नख लावून पाहिलं, कापून पाहिलं, बी मोजली नाही. मी मोजली आहे. मागच्या वर्षी एका पिकल्या वांग्यातून अकराशे बेचाळीस निघाली. म्हणजे फुलाच्या पोटात निदान अकराशे बेचाळीस बीजांडं होती आणि प्रत्येकाला परागाचा एकेक कण वेगळा मिळाला. कण फुलाच्या नाकावर बसतो, तिथे त्याला केसाहून बारीक नळी फुटते, ती खाली खाली उतरत एका बीजांडात शिरते आणि तेव्हा कुठे एक बी होते. अकराशे बेचाळीस वेळा. आपण त्याला तेल-मीठ लावून भाजतो.

नाक मी म्हणतो, पुस्तकात त्याला कुक्षी आहे. नाक मायचं. तुला आठवतं का, ती वाफ्यात वाकून फुलं उलटी करून दाखवायची. वांग्याच्या एकाच झाडाला वेगवेगळी फुलं येतात. काहींचं नाक परागकोशांच्या वर निघालेलं असतं, काहींचं आत बुडालेलं. "जे फूल नाक वर काढी, ते फय धरी. नाक बुडेल, ते पडी." तिला अक्षर येत नव्हतं, आणि कॉलेजच्या पुस्तकात हेच, वर नाकाचं फूल फळ धरतं आणि बुडाल्या नाकाचं गळून पडतं, चार ओळींत दिलं आहे, आकृतीसह. तू तेव्हा दहा-अकरा वर्षांची असशील. म्हणालीस, "मंग भाऊले तं टोपलंभर फय लागतीन." माय हसून हसून बांधावर बसली. मी आठ दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो.

आखाजीचंही आठवतं. अंगणातल्या लिंबाला झोका, तुम्हा पोरींची गाणी, आमरस, सांजोऱ्या. घागर पुजली की माय उतरंडीवरचा तुंबा काढायची. वाळक्या भोपळ्याचा, तोंडाला शेणमातीचा लेप. आपल्या घरची रीत अशी की तो लेप माहेरवाशिणीनं फोडायचा. मायनं आत्याला फोडायला लावला, मग तुला. आतल्या राखेत हात घालून बियांची पहिली मूठ काढायची, ती सुनेच्या ओटीत. दुसरी मूठ माहेरवाशिणीनं स्वतःच्या पदरात बांधायची. मी एकदा विचारलं, बाहेर कशाला द्यायची? माय म्हणाली, "एक घर जयनं तं दुसरा घरमा ऱ्हायी." एक घर जळालं तर दुसऱ्या घरात राहील. मी म्हटलं, आपलं घर कशाला जळतंय.

आता ब्याऐंशीच्या भरिताविषयी. तू ते तुझ्या बाजूनं धरून बसली असशील, म्हणून मी जसं घडलं तसं लिहितो. रविवार होता. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ केला होता, एकवीस वांगी भाजायला टाकलेली. जीवराम पाहुणे, त्यांचे दोन भाऊ, रुपचंद, गावातले आठ-दहा जण. मांडवाखाली पंगत. पाहुण्यांच्या धाकट्या भावानं टोपलीतलं पट्ट्याचं वांगं उचललं आणि म्हणाला, "तोताराम भाऊ, हाई कोनतं नवं?" सगळे हसले. मी ते वांगं कापलं, सगळ्यांना दाखवलं आणि तुझ्याकडे बोट करून म्हटलं, "हाई इनं काम शे. मायनं बठ्ठं बी बाटाडी टाकं इनी." रुपचंद म्हणाला, "जाऊ दे ना तोता, भरीत तं व्हयीच." मी म्हटलं, माय जाऊन वर्ष नाही झालं आणि हिनं तिचं बियाणं बाटवलं. अजून एक वाक्य बोललो होतो. ते इथे लिहीत नाही.

तू पुऱ्या वाढत होतीस. परात खाली ठेवलीस, हात धुतलेस आणि म्हणालीस, "भाऊ, तुनं भरीत थंड व्हई ऱ्हायनं." मग पाहुण्यांना म्हणालीस, चला. तीन माणसं न जेवता उठून गेली आणि चौथी तू.

मी आवाज चढवला नव्हता, एवढं माझ्या बाजूनं लक्षात घे.

प्रदर्शनात एका बियाणं कंपनीचे साहेब भेटले. बाहेरच्या जिल्ह्यातली कंपनी आहे. त्यांनी माझं नाव लिहून घेतलं.

तोताराम


२ फेब्रुवारी १९९२

कुंदा,

तुझं कार्ड मिळालं. पंधरा पैशांच्या कार्डावर दीड ओळ. "भाऊ, पत्रं पोचली. विहिरीजवळची अकरा झाडं कोणी लावली होती?"

तू ती मोजली होतीस, हे मला माहीत नव्हतं.

माझी एक्क्याऐंशीची डायरी माझ्यासमोर आहे. १९ ऑगस्ट : "धावेवर जांभळी, रोपं ११, धुळ्याहून." विहिरीची धाव, जिथे पूर्वी मोटेचे बैल उतरायचे, ती इंजिन आल्यावर रिकामीच पडली होती. धुळ्याच्या प्रदर्शनात त्या साली जानेवारीत जांभळट काळं, चकचकीत वांगं पहिलं आलं होतं. पावसाळ्यात मी धुळ्याहूनच त्याची रोपं आणली. कोणाला सांगितलं नाही. पुढच्या वर्षी हिरवं आणि जांभळं दोन्ही घेऊन जायचं, दोन्ही नंबर घ्यायचे, असं मनात होतं. भरताच्या प्लॉटापासून धाव त्रेचाळीस पावलं. आणि मधोमध मी बांधलेला मांडव. काळा भुंगा वाळल्या बांबूला भोक पाडून आत घर करतो. मांडवाच्या बांबूंना मी नंतर मोजली, सतरा भोकं होती. भुंग्यांना डाव्या हाताला हिरवं, उजव्या हाताला जांभळं. राहायला घर मी दिलं, दोन्हीकडचं रानही मीच दिलं.

माय आजारी पडली आणि तू जानेवारीत आलीस. तिच्या उशाला बसून कंटाळलीस की तू विहिरीवर जायचीस. त्या झाडांना पाणीही तूच घालत असशील. माय गेली, मी ती झाडं फेब्रुवारीत उपटून टाकली आणि विसरलो. विसरलो, असं मागच्या आठवड्यापर्यंत मी स्वतःलाही सांगत होतो.

रुपचंदच्या वावरात त्या साली जांभळी वांगी नव्हती. केळी होती.

आता पुढचं. हे कोणालाही सांगितलेलं नाही. पहिल्या पत्रात मी "अभ्यासानं" असं लिहिलं. अभ्यास तुझ्यावरचा आळ पक्का करायला सुरू केला होता. गावात लोक म्हणायला लागले की तोतारामनं उगाच बहीण तोडली. म्हटलं, पुरावा दाखवतो. चौऱ्याऐंशी साली मी हिरव्याचं आणि जांभळ्याचं बी मुद्दाम एकत्र कालवून पेरलं, तू पुरचुंडी कालवलीस असं मी म्हणत होतो तसंच. शंभर झाडं. हिवाळ्यात काही झाडांना अस्सल हिरवी लागली, काहींना अस्सल जांभळी. पट्ट्याचं एकही नाही. बी शेजारी-शेजारी ठेवल्यानं एकमेकांत शिरत नाही. ब्याऐंशीच्या एकतीस झाडांत एकही अस्सल जांभळं नव्हतं, सगळी अधली-मधली होती. तेवढं तरी मला तेव्हाच दिसायला हवं होतं. सुरी माझ्याच हातात होती.

मग पंच्याऐंशी साली मी हिरव्या झाडाचं एक फूल कळीतच उघडलं, चिमट्यानं त्याचे परागकोश काढले, नाकाला जांभळ्याचा पराग लावला आणि वर पिशवी बांधली. फळ धरलं. रोज पाहत होतो. फळ हिरवंगार, पांढऱ्या रेघांचं. कुठे डागसुद्धा नाही. मला आनंद झाला, म्हटलं परक्या परागानं काही होत नाही, म्हणजे कुंदाच चुकली. पण त्या फळाचं बी मी ठेवलं आणि शहाऐंशीला पेरलं. झाडून सगळ्या झाडांना फिकी जांभळी, पट्ट्याची. मी पंगतीत कापलं होतं तेच वांगं.

याचा अर्थ मला पुस्तकातून दोन दिवसांत लागला. फळाची साल, फळाचं मांस हे सगळं आईचं असतं. बाहेरचा पराग तिथे दिसत नाही. तो आत बियांमध्ये जाऊन बसतो आणि पेरल्यावर दुसऱ्या वर्षी वर येतो. म्हणजे एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात जे घडलं ते ब्याऐंशीच्या हिवाळ्यात दिसलं. मायच्या आजारपणातली ती हिरवीगार वांगी आपण निर्धास्त बियाला ठेवली होती. तू आखाजीला तुंबा उघडलास तेव्हा झालेलं सगळं होऊन गेलं होतं. तू फक्त झाकण काढलंस.

हे मला शहाऐंशीच्या डिसेंबरात कळलं. आज ब्याण्णवचा फेब्रुवारी आहे. पाच वर्षं दोन महिने मी पोस्टात गेलो नाही. मंदाला ब्याऐंशीतच माहीत होतं. त्याच दिवशी संध्याकाळी ती भांडी घासताना म्हणाली होती, "धाववरना झाडं तुम्हनाच व्हतात ना?" मी म्हटलं, तुला शेतीतलं काय कळतं. तिनं पुन्हा विषय काढला नाही. आखाजीला मात्र ती दरवर्षी तुझ्या नावाची एक सांजोरी बाजूला काढते आणि गाईला घालते.

तोताराम


८ मार्च १९९२

कुंदा,

रुपचंद काल बांधावर येऊन बसला. तू त्याला माझं पहिलं पत्र वाचून दाखवलंस, हे त्यानंच सांगितलं. तंबाखू मळत म्हणाला, "तोता, त्या साल मन्हा वावरमा केयी व्हत्यात. केयीले वांगा लागनात का रे?" मंदा घरातून हसली. नऊ वर्षांत ती माझ्यावर असं मोठ्यानं हसल्याचं आठवत नाही. मी दोघांनाही चहा दिला.

मग तो म्हणाला, "आते दुसरंबी सांगी टाक तिले." मी म्हटलं, ते मी सांगेन, तू बोलू नको. म्हणून लिहितो.

मी मूळ वाण निवडून परत आणलं, असं तुला लिहिलं. प्रदर्शनात तसंच सांगितलं. ते खरं नाही. निवडलं, उपटलं, फेकलं, हे खरं. दर वर्षी पट्ट्याची झाडं काढून टाकायचो आणि फक्त हिरव्यांचं बी ठेवायचो, तरी पुढच्या वर्षी कुठेतरी चार-पाच निघायचीच. कारण पट्ट्याची उपटेपर्यंत त्यांचीही फुलं उमललेली असायची आणि भुंगे काही थांबत नव्हते. पिशव्या शिवायचं सुचेपर्यंत वजन उतरलं, चव गेली, भाजल्यावर साल निघेना. अठ्ठ्याऐंशी साली मायचं बियाणं माझ्या घरात संपलं होतं. तुंबा होता, बियाणं नव्हतं.

त्या जानेवारीत मी चोपड्याच्या बाजारात गेलो होतो, सुंभ घ्यायला. एका बाईच्या टोपलीत ते दिसलं. हिरवं, पांढऱ्या रेघा, देठाला काटे विरळ, बुडाला नाण्याएवढा फिका गोल. तो गोल बाकी कुठल्या वांग्याला नसतो. मी तिला विचारलं, कुठलं? तिनं तुझ्या गावाचं नाव सांगितलं. म्हणाली, जीवराम आबांच्या मळ्यातलं, त्यांच्या बाईच्या माहेरचं बी आहे.

एक्क्याऐंशीच्या आखाजीची मूठ. मायच्या हातची शेवटची. धावेवर जांभळी लागण्याच्या तीन महिने आधी तू ती पदरात बांधून घेऊन गेली होतीस.

मी तिथून परत फिरलो. तुझं गाव तिथून सात किलोमीटर, एस.टी. उभी होती. मी तिच्यात चढलो नाही. दुसऱ्या आठवड्यात रुपचंदला पाठवलं. त्याला सांगितलं, स्वतःसाठी म्हणून माग, माझं नाव घेऊ नको. त्यानं तीन पिकली पिवळी वांगी आणली. ती मी कुस्करली, पाण्यात तळाला बसलेलं बी घेतलं, सावलीत वाळवलं, राखेत ठेवलं. पिशव्या बांधल्या, भुंगा चालवला. आज चौथं वर्ष. धुळ्याला पहिलं आलं ते हे.

बाटवलंस म्हणून तुझ्यावर आळ घेतला आणि चोरून आणलं मी.

तू रुपचंदला वांगी देताना काय म्हणालीस, ते त्यानं काल सांगितलं. चार वर्षं पोटात ठेवलं होतं त्यानं. "कोनले पाहिजे ते माले समजस, रुपचंद भाऊ. तीन ले. चवथं माले बीले राहू दे. आनि सांगजो, राख बाभयनी घालजो, मायना गत." तो सांगत होता, मी विहिरीकडे पाहत होतो. बाभळीची राख मी घातलीच होती. पण ते तुझ्या सांगण्यावरून घातली, असं झालं असतं तर बरं झालं असतं.

पंगतीतलं जे वाक्य मी मागच्या पत्रात गाळलं, ते असं होतं : "आते या घरना तुंबाले तुना हात नको." तुला पाठ असेल. मी लिहिलं एवढ्यासाठी, की ते मी बोललो हे माझ्या अक्षरात तुझ्याकडे असावं.

तोताराम


२६ एप्रिल १९९२

चि. सौ. कुंदास,

आखाजी नऊ दिवसांवर आली. मंदानं रवा चाळून ठेवला. लिंबाची उजवी फांदी मागच्या वावटळीत मोडली, झोका डाव्या फांदीला बांधावा लागेल. दोर मी वळला आहे, अंबाडीचा, तीन पदरी, माझं स्वतःचं वजन टाकून पाहिलं.

तुंबा फेब्रुवारीत भरला. बी साधारण पाव किलो. लेप मी लावला. उघडणारं कोणी नाही. गेली नऊ वर्षं मीच फोडत होतो, चाकूनं, एखाद्या डब्याचं झाकण काढावं तसा. मंदाला म्हटलं, यंदा तू फोड. म्हणाली, "मी ओटी धरनारी, फोडनारी नही." या घरात शिकलेला एकटा मीच, असं मला फार वर्षं वाटत होतं.

तुला बोलावणं पाठवत नाही. बोलावायचा हक्क मी पंगतीत घालवला. माझं ठरलं आहे ते सांगतो. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळच्या साडेआठच्या एस.टी.नं मी चोपड्याला येईन, तिथून तुझ्या गावाला. रुपचंद सोबत नसेल. येताना तुंबा घेऊन येईन. तुझ्या ओसरीवर जीवराम पाहुण्यांसमोर, त्यांच्या दोन्ही भावांसमोर बसेन आणि अकरा झाडांचं सांगेन. त्यांनी पुढचं काही विचारलं तर डायरी सोबत आहे. नंतर तुझ्याकडे एक मूठ बी मागेन, उजेडी, माझ्या तोंडानं. दिलीस तर घेईन. तुंब्याचा लेप तुझ्या अंगणात फोडायचा की इथे येऊन, की फोडायचाच नाही, हे तू ठरव. न फोडलास तर तुंबा तुझ्या उतरंडीवर ठेवून मी संध्याकाळच्या गाडीनं परत येईन. तिथे तो जास्त सुरक्षित राहील, हे मायनं आधीच सांगून ठेवलं होतं.

भुंगाही आणतो. तुझ्या नातीला दाखव. नऊनंतर फूल उमललेलं असेल तर तिला भिंगातून ती दोन भोकं दिसतील. तिला सांग, नाक वर काढलेलं फूल निवड.

आता शेवटचं. ते मंदाच्या आणि रुपचंदच्या तोंडून तुझ्याकडे येण्याआधी माझ्याकडून यावं.

बुधवारी कंपनीचे साहेब आले होते, जीपनं, दोघं. मांडवाखाली बसले. त्यांना वाण पाहिजे. सगळं बी त्यांना द्यायचं, पुढे आपण फक्त त्यांच्यासाठी पिकवायचं, बाहेर कोणाला मूठ द्यायची नाही. पाकिटावर माझा फोटो आणि खाली छापील अक्षरांत "तोताराम निवड". नमुन्याचं पाकीट सोबत आणलं होतं. रंगीत होतं. मी ते बराच वेळ हातात धरून बसलो, हे लपवत नाही. कागदावर एक ओळ होती : "हे वाण मी माझ्या शेतात, माझ्या निवडीतून तयार केलेले असून त्यात अन्य कोणाचा हक्क नाही." त्याखाली सहीची जागा.

मी म्हटलं, ही ओळ खोटी आहे. साहेब म्हणाले, "काका, ती सगळ्यांच्या कागदात असते." मी म्हटलं, नाव बदलून द्या. त्यांनी पेन काढलं, विचारलं, काय घालू? मी सांगितलं, शेवंताबाई, आणि तिच्या खाली कुंदाबाई. त्यांनी विचारलं, या कोण? मी म्हटलं, एक आमची माय, दुसरी जिच्याकडून मी हे चोरलं ती. ते हसले. मी हसलो नाही, तेव्हा थांबले. मग म्हणाले, बाईंचा अंगठा आणता येईल का? मी म्हटलं, माझ्या बहिणीला सही येते, आणि मूठ बाहेर द्यायची नाही या अटीवर ती करणार नाही. आमच्या घरात मूठ बाहेर देण्याची रीत आहे.

त्यांनी जाताना पाकीट ठेवून घ्या म्हटलं. मी ते परत केलं. मंदा दारात उभी होती. तिनं रक्कम ऐकली होती. त्यांनी देऊ केले होते एक्कावन्न हजार रुपये.

तुझा भाऊ
तोताराम